माझ्या लग्नाची बरणी

माझ्या लग्नासाठी घातलेली पोर्ट वाईन माझ्या भावाच्या साहेबाने बर्फ आणि लिंबाचा सोडा घालून प्यायली, आणि वर म्हणाला, "वाह, बिल्कुल शरबत!" ही गोष्ट मी बऱ्याच जणांना सांगितली आहे. ऐकणारे हसतात. मला अजून हसू येत नाही. हसायचं त्यांनी खुशाल हसावं, पण आधी पूर्ण ऐकून घ्यावं.

आम्ही पुण्याकडचे मराठी ख्रिस्ती. दिल्लीत हे वाक्य उच्चारलं की समोरचा गोंधळतो. "मतलब, मराठी हो या क्रिश्चियन?" दोन्ही रे बाबा, दोन्ही. तू नाही का एकाच वेळी पंजाबी आणि हिंदू असतोस, तसंच. बाबा केंद्र सरकारच्या नोकरीत होते आणि लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये आम्ही दोघं भावंडं वाढलो. नाताळात आमच्याकडच्या करंज्या आणि केक सगळ्या ब्लॉकमध्ये जायचे. वाईन मात्र घराबाहेर जायची नाही. ती आमची आमच्यापुरती.

आईच्या माहेरी एक रीत होती. मूल झालं, त्याचा बाप्तिस्मा झाला, की त्या वर्षीच्या फळाची पोर्ट घालायची आणि थेट त्या मुलाच्या लग्नात उघडायची. पुण्याला आजी काळ्या द्राक्षांची घालायची. दिल्लीत आईला तशी द्राक्षं मिळेनात, पण जांभळं मिळाली. नवी दिल्लीच्या मोठमोठ्या रस्त्यांना दुतर्फा जांभळाची झाडं. पावसाळ्याच्या तोंडाशी ठेकेदाराची माणसं खाली चादरी धरून ती झाडं हलवायची, आणि पाटीवाले तिथेच फुटपाथवर बसून विकायचे. आईने जांभळावर भागवलं आणि पुढे जन्मभर सांगत राहिली की द्राक्षापेक्षा जांभूळच सरस.

ती करताना आई कुणाला जवळ फिरकू द्यायची नाही. मला तेवढी परवानगी होती, कारण मी मुलगी आणि मला शिकायचं होतं. जांभळं हाताने चुरायची, बिया आतच ठेवायच्या, तुरटपणा त्यांच्यातून उतरतो. साखर, मूठभर गहू, बेकरीतून आणलेलं यीस्ट. तोंडाला फडकं बांधून बरणी अंधाऱ्या कोपऱ्यात. रोज कोरड्या लाकडी डावाने ढवळायचं. रस फसफसून वर यायला लागला की खरी परीक्षा. तो पुरता थंडावायच्या आत गाळायचा आणि त्यात ब्रँडी ओतायची. सगळी साखर आंबून संपायच्या आधी आंबणं थांबवायचं, म्हणजे गोडवाही राहतो आणि जोरही. ती वेळ आई बरणीला कान लावून ठरवायची. बाबा विचारायचे, "काय डॉक्टरीणबाई, पेशंट कसा आहे?" आई बोट ओठांवर ठेवून त्यांना गप्प करायची. मग गाळ खाली बसला की वरची निवळ दुसऱ्या बरणीत, घट्ट बूच, बुचावर मेण. आणि मग वर्षानुवर्षं हात लावायचा नाही. जितकी जुनी, तितकी ती मऊ होत जाते.

अशा दोन बरण्या आमच्या घरात आईच्या पलंगाखाली होत्या. एक माझी, एक धाकट्या भावाची. माझी मोठी, कारण मी पहिली आणि आईचा उत्साह पहिला. लहानपणी आम्ही त्यावरून भांडायचो. "माझ्या लग्नात जास्त लोक येणार," मी म्हणायचे. तो रडायचा. आता आठवलं की वाटतं, तेव्हाच अजून थोडा रडवायला हवा होता.

मला लग्न करायचंच नव्हतं अशातला भाग नाही. लोकांना तसं वाटतं, कारण तसं मानलं की त्यांना सोपं जातं. दिल्लीत मराठी ख्रिस्ती मुलगे असे कितीसे असणार! जे होते त्यांतले काही आले, चहा प्याले, केक खाल्ला, गेले. मुलाकडचे आले की आई पलंगाखालून बरणी ओढून बाहेर आणायची आणि ओल्या फडक्याने पुसून मधोमध ठेवायची. ही आमच्या पोरीची. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. एकदा नगरकडचं एक कडक कुटुंब आलं. मुलाच्या आईने बरणीकडे बघितलं आणि विचारलं, "तुमच्याकडे हे चालतं?" आई म्हणाली, "चालतं म्हणजे काय, लग्नात घोटभर तर घेतातच!" झालं. बिस्किटंही न संपवता उठले ते. त्या दिवशी बाबा आणि मी पोट धरधरून हसलो. आई नाही हसली.

दुसरा एक मुलगा मला आवडला होता. त्याने मला विचारलं, लग्नानंतर नोकरी सोडशील ना? मी तेव्हा नेहरू प्लेसला एका कॉम्प्युटर कंपनीत लागले होते. देशाचा बाजार नव्याने उघडत होता, परदेशी गिऱ्हाईकं येत होती, आणि बँकांमध्ये, कारखान्यांमध्ये कॉम्प्युटर बसवायला आम्ही जायचो. बाई आली म्हणून मॅनेजर लोक आधी तोंड वेंगाडायचे आणि मग मशीन चालू झालं की चहा मागवायचे. मला ते काम मनापासून आवडायचं. मी त्या मुलाला म्हटलं, नाही सोडणार. त्यानेही मग मला सोडलं. ठीक आहे. मी दोन दिवस रडले आणि तिसऱ्या दिवशी फरिदाबादला एका कारखान्यात कामाला गेले.

बाबा निवृत्त झाले तेव्हा क्वार्टर सोडावं लागलं. मयूर विहारला सोसायटीत आमचा फ्लॅट झाला होता. सामान टेंपोतून गेलं. बरणी टेंपोत ठेवायला आई तयार नव्हती, गाळ ढवळला जाईल म्हणून. भावाची बरणी तोवर संपलेली होती, त्याचं लग्न आदल्याच वर्षी झालं होतं. माझी बरणी मी मांडीवर घेऊन ऑटोत बसले. यमुनेच्या पुलावर ऑटोवाल्याने आरशात बघून विचारलं, "मैडम, अचार है?" मी म्हटलं, "हाँ भैया, पुराना है, धीरे चलाओ." घरी पोचेपर्यंत मांड्या बधिर झाल्या होत्या.

भावाच्या लग्नात त्याची पोर्ट उघडली तेव्हा मी तिथे होते. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, आईने स्वतः बूच काढलं, आणि सगळ्यांना छोट्या छोट्या पेल्यांतून घोट घोट दिली. काय चव होती! गोड, पण जिभेला चिकटणारी नाही, मागून दालचिनीसारखी उष्णता, आणि अगदी शेवटी जांभळाची ओळखीची तुरट ओढ. बाबांचे डोळे भरून आले होते. मी तेव्हा मनात म्हटलं, माझी याच्याहून जुनी आहे, माझी याच्याहून चांगली निघणार. त्याला काय, मनातल्या मनात म्हणायला कुणाची परवानगी लागते?

पुढच्या काही वर्षांत बाबा गेले. भावाला एका परदेशी कंपनीत मोठी नोकरी लागली आणि त्याने गुडगावला टॉवरमध्ये फ्लॅट घेतला. तेव्हा तिथे धड रस्ते नव्हते. चहूकडे खोदलेली माती, मधेच चकाचक काचेची इमारत, आणि वीज गेली की दहा जनरेटर एकदम घरघरायला लागायचे. पण भाऊ असा बोलायचा की जणू आम्ही यमुनेपलीकडे जंगलात राहतो. "ताई, तू पण इकडे शिफ्ट हो ना यार. फ्यूचर इकडेच आहे." आई माझ्याकडे राहत होती, आईची औषधं, आईचे डोळे, आईचं चर्च, सगळं माझ्याकडे. फ्यूचर त्याच्याकडे.

फेब्रुवारीत त्याची घरभरणी ठरली. शनिवार होता. मला एका बँकेत मशीन बंद पडल्याचा निरोप आला आणि मी म्हटलं, तुम्ही पुढे व्हा, मी थेट तिकडे येते. भाऊ सकाळी गाडी घेऊन आईला न्यायला आला. मी बाहेर पडले तेव्हा आई साडीला पिन लावत होती आणि माझ्याकडे बघत नव्हती. तेव्हा माझ्या डोक्यात काही आलं नाही. का येईल?

मी पोचले तेव्हा प्रार्थना उरकली होती आणि पार्टी रंगात आली होती. ऑफिसची माणसं, त्यांच्या बायका, मोठ्याने गाणी. साहेबाच्या बायकोने माझ्या हातात प्लास्टिकचा ग्लास दिला. "आंटीजी की होममेड वाइन है, ट्राई कीजिए, अमेझिंग है!" त्यात बर्फाचे खडे तरंगत होते आणि लिंबाची चकती होती. मी प्याले. सोड्यातून काही कळेना. मला वाटलं, आईने नाताळासाठी केलेल्या साध्या वाईनची एखादी बाटली आणलेली दिसते. मी म्हटलं, "छान आहे."

छान आहे म्हणाले मी! स्वतःच्या तोंडाने.

सोफ्यावर आत्या बसली होती. बाबांची बहीण, करोल बागेत राहणारी, जिभेला हाड नसलेली. तिने मला जवळ ओढलं, पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "तुझ्या आईने बरं केलं हो. नुसती पडून पडून काय करायची होती? निदान भावाच्या कामी आली. तू मनाला लावून घेऊ नकोस, बाई."

मला काही क्षण कळलंच नाही ती कशाबद्दल बोलते आहे. मग कळलं. तळपायाची आग मस्तकात गेली. मी उठून स्वयंपाकघरात गेले. तिथे ओट्यावर माझी बरणी धुऊन पालथी घातली होती. भावजय पंजाबी, स्वभावाने गोड, तिला कुणी काही सांगितलेलंच नव्हतं. ती म्हणाली, "दीदी, ये जार कितना सुंदर है! इसमें मनी प्लांट लगाऊँगी." तिच्यावर काय ओरडणार?

भावाला बाल्कनीत गाठलं. "कुणाला विचारून उघडलीस?" तो म्हणाला, "अगं, आईनेच दिली! साहेब येणार होते, काहीतरी स्पेशल हवं होतं. आणि तू एवढी इमोशनल का होतेस यार? तुला हवी तर उद्या पोर्तुगालची ओरिजिनल आणून देतो, आता सगळं मिळतं." आयत्या बिळावर नागोबा! स्वतःची स्वतःच्या लग्नात प्याला, आणि आता माझीही साहेबाच्या घशात ओतून मोकळा. वर मला पोर्तुगालची देणार! "तुझ्या डोंबलाची ओरिजिनल," मी म्हणाले, इतक्या मोठ्याने की आतलं गाणं कुणीतरी बारीक केलं. मग मी एकटीच टॅक्सी करून घरी आले.

दुसऱ्या दिवशी चर्चनंतर भाऊ आईला सोडून गेला. वरपर्यंत आला नाही, भित्रा. आईने साडी बदलली, पाटीत मटार घेतले आणि सोलायला बसली. मी समोर उभी राहिले.

"का दिलीस?" मी विचारलं.

"त्याचं अडलं होतं," आई म्हणाली.

"त्याचं अडलं म्हणून माझी? मला एका शब्दाने विचारायचं होतंस."

"काय विचारणार होते? तुला वाईट वाटलं असतं."

"आणि आता काय गुदगुल्या होतायत?"

आई शेंगा सोलत राहिली. मग एकदम तिने पाटी बाजूला सारली. "तू सकाळी जातेस ती संध्याकाळी येतेस," ती म्हणाली. "घरात मी असते. पलंगाखाली केर काढायला वाकलं की ती बरणी. नाताळ आला की ती बरणी. येईल ती बाई विचारते, अजून आहे का हो? तुझे बाबा शेवटच्या आजारात विचारायचे, तिची उघडायची राहिली ना? किती वर्षं बघू मी? काल ती उघडली आणि मला सुटल्यासारखं वाटलं. हो, वाटलं. खोटं कशाला सांगू?"

बाबा असं विचारायचे हे मला त्या दिवशी कळलं. पण राग तसूभर कमी झाला नाही. उलट वाढला. तोवर मला वाटत होतं की तिने माझी वस्तू दिली याचा मला राग आहे. आता दिसलं ते वेगळंच होतं. मी धडधाकट होते. मी माझ्या पायावर उभी होते, माझ्या हाताखाली माणसं होती, मला मित्रमैत्रिणी होत्या, मी रविवारी दुपारी पाय पसरून पुस्तक वाचायचे आणि सुखात असायचे. आणि आई त्याच घरात, माझ्या शेजारच्या खोलीत, इतकी वर्षं माझं सुतक पाळत होती. मी मॅनेजर झाले तेव्हा तिने नाक्यावरची बर्फी आणली होती. माझ्या पगारावर घेतलेल्या फ्रिजमध्ये ती चार दिवस होती. त्या दिवशी ती बरणी तिला आठवली नाही. माझ्या आयुष्यात जे झालं त्यातलं काहीच तिला बूच काढण्याजोगं वाटलं नाही. जे झालं नाही तेवढंच ती मोजत बसली.

हे सगळं मी तिला म्हणाले. ओरडून म्हणाले. आई ऐकून घेत होती आणि शेवटी एवढंच म्हणाली, "तसं नाही गं." मग कसं, ते तिला सांगता येईना.

त्यानंतर बरेच दिवस आम्ही कामापुरतंच बोललो. दूध आलं, गॅस संपला, डॉक्टरकडे कधी जायचं. भावाचे फोन मी घेत नव्हते.

पावसाळ्याच्या तोंडाशी जांभळं आली. एका संध्याकाळी मी ऑफिसातून येताना दोन पिशव्या भरून घेऊन आले आणि ओट्यावर ठेवल्या. "माझी पोर्ट घाल," मी म्हणाले.

आईने पिशवीत डोकावलं. "कशासाठी?"

"माझ्यासाठी."

"ते कळलं गं. पण कशासाठी म्हणून घालायची?"

ती मला खिजवत नव्हती. तिला खरंच कळत नव्हतं. मी म्हणाले, "घालायची आहे की नाही ते सांग, नाहीतर मी घालते." त्यावर ती लगेच उठली. माझ्या हातची बिघडेल ही भीती तिला बाकी सगळ्याहून मोठी होती.

तिने घातली. डोळ्यांना नीट दिसत नव्हतं तरी घातली. करोल बागेतून नवी बरणी आणवली, बेकरीवाल्याशी यीस्टवरून वाद घातला, रोज ढवळली, बरणीला कान लावून बसली. हळूहळू आमच्यातलं बोलणंही सुरू झालं. ती गुणगुणायला लागली. बाबा गेल्यापासून मी तिचा गुणगुणण्याचा आवाज ऐकला नव्हता. मला वाटलं, तिला समजलं. माझ्या मनातला राग मी जरा सैल सोडला. बरणी मेण लावून पुन्हा पलंगाखाली गेली तेव्हा मी स्वतः आईला चहा करून दिला.

नाताळ जवळ आला होता. रविवारची दुपार होती. मी आतल्या खोलीत इस्त्री करत होते आणि आई हॉलमध्ये आत्याशी फोनवर बोलत होती. तिला हल्ली ऐकू कमी यायचं, त्यामुळे तिचं हळू बोलणं सोसायटीच्या गेटपर्यंत जायचं.

"नाही, मला काही सांगितलेलं नाही," आई म्हणत होती. "पण स्वतःहून जांभळं घेऊन आली. स्वतःहून! आपण समजायचं ते समजायचं. कोणीतरी असणार हो. ऑफिसातला वगैरे. नाहीतर एवढ्या वर्षांनी कशाला म्हणेल? मी विचारत नाही. मुद्दाम विचारत नाही. देवाने ऐकलं, एवढंच म्हणते मी."

मी इस्त्री बंद केली. हॉलमधून तिच्या समोरून चालत गेले, आईच्या पलंगाखालून बरणी ओढली आणि उचलून स्वयंपाकघरात आणली. आईने घाईघाईने फोन ठेवला आणि भिंतीला धरत मागोमाग आली. मी सुरीने मेण खरवडत होते.

"अगं, काय करतेस!" ती ओरडली. "अजून कच्ची आहे ती! तिला वर्षं लागतात!"

"आई, कोणी नाही आहे," मी म्हणाले. "ऑफिसातला नाही, बाहेरचा नाही. कोणी नाही. ही माझी आहे. मी आहे म्हणून आहे."

बूच निघालं. दोन पेले काढले. माझ्या पेल्यात ओतली आणि उभ्या उभ्या अर्धी प्याले. तिखट, तुरट, ब्रँडीचा नुसता भपका, घसा जळत गेला. कच्चीच होती. आईचं बरोबर होतं.

"थोडी थांब की गं," आई म्हणाली. तिला रडू फुटलं होतं. "एवढी चांगली झाली असती."

"नाही थांबणार," मी म्हणाले आणि दुसरा पेला भरून तिच्या पुढ्यात सरकवला.

तिने पदराने डोळे पुसले, पेला उचलला आणि एक घोट घेतला. तोंड वाकडं केलं. पण पेला तिने खाली ठेवला नाही.